उन्हाच्या दिवशी न उजळणारा ब्रॅकेट

पहिली चूक माझीच होती. ती घाईची होती आणि आमच्या कंपनीतल्या अक्कांनी ती पकडली. त्या चुकीची आता मला लाज वाटत नाही, आमच्या कामात ती कुणाकडूनही होते. लाज वाटते ती त्यानंतर मी जे केलं त्याची. ते घाईत झालेलं नव्हतं. बंगळुरात बेळ्ळंदूरच्या घरून पीण्याच्या कंपनीत जाता-येताना, रोज गाडीत अडकून पडलेलो असताना, मी ते शांतपणे ठरवलं होतं.

आधी काम सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. काही पदार्थ असे असतात की त्यांना दाबलं, वाकवलं, फोडलं तर त्यांतून उजेड निघतो. खडीसाखरेचा खडा अंधाऱ्या न्हाणीघरात पकडीनं फोडला तर क्षणभर निळसर चमक दिसते. माझ्या मुलीला लहानपणी ती दाखवली तेव्हा तिनं अख्खी पुडी फोडायला लावली होती आणि मग मुंग्यांवरून मी बोलणी खाल्ली होती. आमच्याकडची पावडर याहून कितीतरी तेज. ती रंगासारखी धातूच्या भागावर लावायची, भाग अंधारात यंत्राखाली ठेवून दाबायचा, की जिथे धातूवर सगळ्यात जास्त ताण येतो तिथे हिरवा उजेड उमटतो. तडा कुठे जाणार हे तडा जायच्या आधी डोळ्यांना दिसतं. पीण्यातल्या आमच्या लहानशा कंपनीत हे काम काळे पडदे लावलेल्या एका खोलीत चालतं. शेजारच्या शेडमध्ये लेथ चालतात, त्यांची घरघर भिंतीतून सतत येत असते.

या पावडरीच्या दोन खोडी आहेत. तिला आधी उजेड पाजावा लागतो. दिव्याखाली धरलं की ती उजेड साठवते आणि दाबल्यावर तो देते. पण दिवा बंद केल्यावरही ती काही वेळ आपली आपण चमकत राहते. तो रेंगाळणारा उजेड विझेपर्यंत थांबायचं, मगच दाबायचं. ही एक खोड. दुसरी अशी की साठवलेला उजेड संपतो. पहिल्या दाबाला लख्ख, दुसऱ्याला त्याहून मंद, आणि दाबतच राहिलात तर काहीच नाही. पुन्हा दिवा दाखवला की पुन्हा ताजी.

बस बनवणारी एक कंपनी आमच्याकडे आली होती. त्यांच्या बसखालचा एक ब्रॅकेट सारखा तडकत होता आणि का, ते त्यांना कळत नव्हतं. काम माझ्याकडे आलं. मी ब्रॅकेट रंगवला, दिव्याखाली धरला, आणि रेंगाळणारा उजेड विझायच्या आधीच दाबला. फोटो फार सुंदर आले. ते बघून मालक खूश, मी त्यांच्याहून खूश. बस कंपनीचे मुख्य इंजिनिअर पाहायला आले त्या दिवशी मी नवा शर्ट घातला होता.

अक्का आमच्या कंपनीत माझ्यानंतर आल्या. वयानं माझ्याएवढ्याच, पण सगळे अक्का म्हणायचे म्हणून मीही. त्यांचं घराणं काही शतकांपूर्वी इकडे येऊन बंगळूरचंच झालेलं. घरात मराठी, पण तिच्यात कन्नड अशी मिसळलेली की कुठली संपते नि कुठली सुरू होते ते कळू नये. मी पुण्याचा. त्या मला म्हणायच्या, "अण्णा, तुमचं मराठी ऐकलं की वाटतं मी कुठला तरी फॉर्म चुकीचा भरलाय." मी हसायचो. तेव्हा हसायचो.

त्या दिवशी माझे फोटो पडद्यावर होते आणि मी समजावून सांगत होतो. मागून आवाज आला, "स्वल्प थांबा." अक्का उठल्या. त्यांनी ब्रॅकेट उचलून नुसता टेबलावर ठेवला, यंत्राखाली नाही. डावीकडून दिवा दाखवला आणि खोलीतले सगळे दिवे घालवले. ब्रॅकेट डाव्या कडेला हिरवागार चमकत होता, थेट माझ्या फोटोसारखा.

"आता हा कुणी दाबला? भुतानं?" अक्का अंधारात म्हणाल्या.

मग त्यांनी दिवा उजवीकडून दाखवला. चमक उजवीकडे गेली.

"बघा, दिवा सरकला की ताणपण सरकतो. फार आज्ञाधारक ताण आहे अण्णांचा."

सगळे हसले. मुख्य इंजिनिअर हसले, मालक हसले, दाराशी ट्रे घेऊन उभा असलेला कॉफीवाला हसला. त्याला काय कळलं होतं कोण जाणे. दिवे लागले तेव्हा माझ्याही चेहऱ्यावर हसू होतं. ते मी घरी पोचेपर्यंत तसंच ठेवलं असावं, कारण बायकोनं दार उघडताच विचारलं, "काय झालं? असा का दिसतोयस?"

मी सांगितलं. ती सॉफ्टवेअरमध्ये आहे, चुका शोधणं हाच तिचा धंदा. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"तिनं खोटं काय सांगितलं?"

"सांगायची एक पद्धत असते."

"आणि चूक करायचीपण?"

त्यानंतर मी तिला अक्कांबद्दल काही सांगितलं नाही. राग एकट्यानं पोसायचा असेल तर घरात अशी माणसं परवडत नाहीत.

काम अक्कांकडे गेलं. माझ्याकडे यंत्र उरलं, म्हणजे त्या सांगतील तेव्हा दाब द्यायचा. 'आज्ञाधारक ताण' हे शब्द आमच्या शेडमध्ये मुक्कामाला आले. जेवणाच्या सुट्टीत कुणी खुर्ची सरकवली की म्हणायचं, "अण्णा, ताण इकडे घेऊ का?" अक्का स्वतः पुन्हा कधी तसं बोलल्या नाहीत. त्या विसरून गेल्या होत्या. याचाच मला जास्त राग होता. मला रोज चावणारी गोष्ट त्यांना आठवतसुद्धा नव्हती.

आउटर रिंग रोडवर राग शिजवायला भरपूर वेळ मिळतो. पुढच्या गाडीचे लाल दिवे बघत मी मनातल्या मनात अक्कांना वेगवेगळ्या ठिकाणी खाली पाहायला लावायचो. कधी त्या भर सभेत आकडा विसरायच्या, कधी मालक त्यांना माझ्यादेखत झापायचे. या सगळ्या देखाव्यांत हसू मात्र हवंच असायचं. कुणीतरी हसलं पाहिजे आणि अक्कांना ते हसू झेलत उभं राहावं लागलं पाहिजे. एका संध्याकाळी गाडी पुलाखाली अडकली होती. पावडरीची दुसरी खोड मला आठवली, आणि ते कसं करायचं ते सगळं एकदम समोर दिसलं. मला इतकं हलकं वाटलं की मी शेजारच्या रिक्षाला आधी जाऊ दिलं.

अक्कांनी ब्रॅकेटचं काम नव्यानं आणि नीट केलं होतं. त्यांनी गणितानं काढलं होतं की ताण बोल्टच्या भोकाच्या उजव्या कडेला साठतो, आणि उजेड तिथेच उमटेल असं त्या आधीच सांगून बसल्या होत्या. मुख्य इंजिनिअर पुन्हा येणार होते. त्या सकाळी अक्कांनी ब्रॅकेट यंत्रात बसवला, त्याला दिवा दाखवला, वर काळं फडकं टाकलं, आणि रेंगाळणारा उजेड विझेपर्यंत पाहुण्यांना आणायला गेल्या.

"अण्णा, दार उघडू देऊ नका कुणाला."

"सरी अक्का," मी त्यांच्याच कन्नडमध्ये होकार दिला.

मी आतून कडी लावली. फडकं काढलं. यंत्राला हातानं फिरवायचं एक चाक आहे. त्यानं दाब दिला तर कंप्युटरला पत्ता लागत नाही. मी चाक फिरवलं.

भोकाच्या उजव्या कडेला हिरवी कोर उमटली. बारीक, स्वच्छ, नखाएवढी. अक्कांनी सांगितली होती अगदी तिथे. मी दाब सोडला, पुन्हा दिला. कोर पुन्हा आली, थोडी फिकी. मी ती विझेपर्यंत चाक फिरवत राहिलो. अंधाराची सवय झालेल्या डोळ्यांनाही काही दिसेना तेव्हा फडकं टाकलं आणि कडी काढली. बऱ्याच महिन्यांत एखादं काम मी इतकं मन लावून केलं नव्हतं.

पाहुणे आले. दिवे गेले. अक्का म्हणाल्या, "आता भोकाच्या उजव्या बाजूला पाहा." मी दाब दिला. काही नाही. "अजून द्या." अजून दिला. अंधारात कुणाची तरी खुर्ची करकरली.

"मॅडम, मी बरोबर बाजूलाच पाहतोय ना?" मुख्य इंजिनिअरांनी विचारलं.

मालक खोटं हसले. अक्का म्हणाल्या, पुन्हा दिवा देऊ, थोडं थांबावं लागेल. पण पाहुण्यांना दुसरीकडे जायचं होतं. जाताना ते म्हणाले, "आमची बस थांबत नाही हो कुणासाठी." यावर खरं हसू आलं. मी दिवे लावले आणि अक्कांचा चेहरा पाहिला. घरी जाताना पुण्याहून आणलेली जुनी गाणी लावली. बायकोसाठी चाफा घेतला. सूड घेऊन आलेला माणूस घरी इतका गोड वागतो हे मला माहीत नव्हतं.

इथे मी थांबलो असतो तर हे लिहायची वेळ कदाचित आली नसती. पण दुसऱ्याच दिवशी अक्कांनी तोच ब्रॅकेट पुन्हा दिव्याखाली धरला. तो नीट उजळला तर कालचं अपयश नुसतं बिघाड ठरणार होतं, आणि पाहुण्यांना परत बोलावलं गेलं असतं. मग माझ्या हाती काय राहिलं असतं? अक्का ब्रॅकेट झाकून बाहेरच्या दर्शिनीत, म्हणजे उभ्यानं खायच्या हॉटेलात, सकाळची कॉफी प्यायला गेल्या आणि मी चाक फिरवलं. परत आल्यावर त्यांना काळोख मिळाला. मग हे चालूच राहिलं. रोज नाही. जमेल तेव्हा. कधी ब्रॅकेट उजळायचा, कधी नाही.

कधीच न चालणारी गोष्ट माणूस टाकून देतो. कधी चालते, कधी चालत नाही, ती माणसाला पछाडते. अक्कांनी पावडर बदलली, दिवा बदलला, कॅमेरा बदलला. एक दिवस त्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आल्या. मला म्हणाल्या, "मला वाटलं उजेड येतोय, मलाच दिसत नाहीये. डॉक्टर म्हणाले डोळे फस्ट क्लास. अय्यो, मग काय बिघडलंय ते तरी सांगा की." त्या हसल्या, मीही हसलो. संध्याकाळी गाडीत मी ते वाक्य परत परत ऐकलं. मला ते आवडत होतं. खोटं कशाला लिहू?

मग अक्कांना नियम सापडला.

त्या माझ्या टेबलाशी आल्या त्या जवळजवळ धावतच. खोलीत त्यांनी हवेतला दमटपणा मोजणारं घड्याळासारखं यंत्र लावलं होतं. आदल्या रात्री पाऊस झाला असेल, हवा दमट असेल, तर ब्रॅकेट नेमका उजळत होता. कोरड्या, उन्हाच्या दिवशी बहुतेक वेळा नाही.

"पुस्तक उलटं सांगतं अण्णा. पाणी म्हणजे या पावडरीला विष. मीपण तेच शिकले. पण आकडे बघा ना. मी पुस्तकाचं ऐकू की आकड्यांचं?"

मी आकडे पाहिले. ते खरे होते. त्यांत एकही चूक नव्हती. आणि त्यांचा अर्थ मला एका नजरेत कळला, कारण तो माझ्या गाडीचा प्रवास होता. रात्री पाऊस झाला की बेळ्ळंदूरचा तळ्याकडचा रस्ता पाण्याखाली जातो. त्या दिवशी मी पीण्याला उशिरा पोचतो. तोवर अक्का कॉफी पिऊन खोलीत परत येऊन बसलेल्या असतात, आणि मला चाक फिरवायला सापडत नाही. कोरड्या दिवशी रस्ता बरा असतो, मी वेळेवर पोचतो. अक्कांना पावसाचा नियम सापडला नव्हता. त्यांना मी सापडलो होतो, फक्त त्यांना ते माहीत नव्हतं.

"तुम्ही एकदा तपासून द्या," त्या म्हणाल्या. मग खुर्ची ओढून बसल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि अजून एक. तुमच्या त्या फोटोंच्या दिवशी मी सगळ्यांसमोर तुमची चेष्टा केली. मला वाटलं नुसतं हसायचं बोलतेय. त्या साहेबांनी मला विचारलं ना, बरोबर बाजूलाच पाहतोय का, तेव्हा कळलं ते कुठे लागतं. चुकलं माझं, अण्णा."

जे शब्द ऐकायला मी इतके महिने गाडीत बसून काय काय रचलं होतं, ते शब्द हे होते. समोर बसून, न मागता, त्यांनी दिले होते. आणि माझ्या मनात काय आलं? की आता कशाला सांगितलंस, बाई. आधी सांगायचं होतंस. मला त्यांचा पुन्हा राग आला, पहिल्यापेक्षा जास्त. मी म्हणालो, "छे छे, त्यात काय," आणि कागद तपासून परत दिले. आकडे बरोबर आहेत म्हणून सांगितलं. ते खरंच होतं.

अक्कांनी अहवाल लिहिला. दमट हवेत ही पावडर जास्त चांगली चालते, म्हणून रंगवलेले सगळे भाग यापुढे ओलसर कपाटात ठेवावेत, असं त्यात होतं. ओलीत ती पावडर हळूहळू मरते. महिनाभरात अक्कांचा सगळा माल पांढरा, मुका होऊन पडला असता, आणि खाली त्यांची सही असती. मला हात हलवायचीसुद्धा गरज उरली नव्हती. पुढचं त्या स्वतःच करणार होत्या.

अहवाल मांडायच्या सकाळी मी दर्शिनीत त्यांच्या शेजारी उभा राहिलो. स्टीलच्या पेल्यातली कॉफी वरखाली करत म्हणालो, "अक्का, आज नका मांडू."

"का?"

"थोडे दिवस अजून बघू."

"घाबरलात माझ्यासाठी?" त्या हसल्या. "आकडे आहेत ना माझ्याकडे."

मी पेला खाली ठेवला. आणि मला पूर्ण माहीत होतं की मी अर्धवट बोललो ते त्यांना वाचवायला नाही. पुढे काही झालं तर 'मी सांगितलं होतं' असं स्वतःला म्हणता यावं म्हणून.

खोलीत मालक होते, मुख्य इंजिनिअर होते, आमच्या शेडमधले चारदोन जण होते. अक्कांनी आकडे दाखवले. पाऊस, दमटपणा, उजेड. ऊन, कोरडी हवा, काळोख. मुख्य इंजिनिअर शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी पेन टेबलावर ठेवलं.

"म्हणजे मॅडम, आम्ही आमच्या बस फक्त पावसात चालवायच्या?"

हसू फुटलं. मी गाडीत बसून ऐकायचो तसंच, तेवढंच मोठं. अक्काही हसल्या, खाली बघून, आणि पुढचं चित्र लावायला गेल्या, पण त्यांना बटण सापडेना. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "रेनकोट घाला ब्रॅकेटला." मालकांनी हसू आवरलं आणि प्रेमानं म्हणाले, "अक्का, खूप केलंत. थोडी रजा घ्या. हे काम आपण इथे थांबवू."

ते प्रेम मला सहन झालं नाही. हसण्याची मी तयारी केली होती, महिनोन्महिने केली होती. या दयेची नव्हती. अक्का मान हलवत होत्या, म्हणजे त्यांना ते पटलं होतं. आपलं डोकं चालेनासं झालंय हे त्यांनी आमच्या सगळ्यांदेखत मान्य करून टाकलं होतं.

"पावसाचा काही संबंध नाही," मी म्हणालो. "पाऊस पडला की मला यायला उशीर होतो. म्हणून."

कुणाला कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं. चाक, कडी, फडकं, कॉफीची वेळ. बोलता बोलता माझा आवाज चढत गेला. शेवटी मी काय म्हणालो असेन? "यांनी माझी चेष्टा केली होती, इथेच, याच खोलीत!" मी कबुली देत होतो की तक्रार करत होतो ते मला अजून सांगता येत नाही.

मालक काहीतरी बोलू लागले. अक्कांनी हातानं त्यांना थांबवलं. त्या माझ्याकडे बघत होत्या, पण रागानं नाही. एखादा आकडा जुळत नसला की बघायच्या तशा.

"तुम्ही दाबायचात तेव्हा उजेड यायचा?"

"हो."

"कुठे?"

"भोकाच्या उजव्या कडेला."

"दर वेळी?"

"दर वेळी. तुम्ही सांगितलं होतं तिथेच."

त्यांनी मान डोलावली. त्यांचं गणित पहिल्या दिवसापासून बरोबर होतं, आणि ते पाहणारा जगात एकच माणूस होता. त्यानंच त्यांना ते पाहू दिलं नव्हतं. हे त्यांच्या चेहऱ्यावर सावकाश पोचलं. मग त्यांनी कागद गोळा केले, पर्स घेतली आणि निघून गेल्या. मालक मला म्हणाले, "घरी जा. उद्या बघू तुमचं काय करायचं ते."

घरी मी बायकोला सगळं सांगितलं. तिनं विचारलं, "माफी मागितलीस?"

"सगळं सांगितलं ना."

"ते नाही विचारलं मी."

रात्रभर मी माफी तयार करत होतो, आणि प्रत्येक वेळी तिच्यात अक्कांनी केलेली ती चेष्टा येऊन बसत होती. माझा सूड अजून संपला नव्हता. त्याला माफीतसुद्धा आपला वाटा हवा होता.

सकाळी मी पीण्याला पोचलो तेव्हा अक्का काळ्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. डोळे सुजलेले. मी म्हणालो, "अक्का, आत बसून दोन मिनिटं बोलू?"

"आत कशाला? ते रेनकोटचं हसणं आतल्या आत राहिलं का? आत्ता येताना गेटवरच्या माणसानं विचारलं, मॅडम आज पाऊस आहे का म्हणून. बाहेर बोला."

शेडमध्ये सगळे सकाळची कॉफी घेत होते. लेथ अजून सुरू झाले नव्हते. मालकही आले होते, गाडीची किल्ली हातातच होती. मी मधोमध जाऊन उभा राहिलो.

"अक्कांनी त्या दिवशी माझ्या फोटोंवरून..."

"नको," अक्का म्हणाल्या. "त्याबद्दल मी माझं सांगून झालंय. ते माझ्याकडे आहे. तुम्ही तुमचं सांगा."

रात्रभर मी जे तयार केलं होतं त्याचा पहिला अर्धा भाग त्यांनी काढून घेतला होता. कॉफीवाल्यानं पेले विसळायचे थांबवले. मी अक्कांकडे पाहिलं आणि बोललो.

"अक्कांचं काम पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. ब्रॅकेट जिथे उजळेल म्हणून त्या म्हणाल्या होत्या तिथेच तो उजळत होता. मी तो उजेड त्यांच्या पाठीमागे संपवून टाकत होतो. एकदा नाही, पुन्हा पुन्हा, आणि त्या कारण शोधत होत्या तेव्हा बाजूला बसून बघत होतो. त्यांना स्वतःच्या डोळ्यांवर, स्वतःच्या डोक्यावर शंका यायला लागली ते मला दिसत होतं, आणि मला बरं वाटत होतं. तुम्ही काल ज्यावर हसलात ते अक्कांचं नव्हतं, ते मी केलेलं होतं. अक्का, मी तुमच्याशी वाईट वागलो. जाणूनबुजून वागलो. मी तुमची माफी मागतो."